मुंबई ते जेद्दा : मोसमाचे महिने, विमानाचे तास

मुंबईहून जेद्दा किती दूर आहे, असे आज कुणाला विचारले तर उत्तर मिळते, "पाच-सव्वापाच तास." किलोमीटर कुणी सांगत नाही. अंतर वेळेत मोजण्याची आपली सवय जुनीच आहे. आपल्या वाडवडिलांनाही हाच प्रश्न विचारला असता तर त्यांनी वेळच सांगितली असती. फरक इतकाच की पणजोबांच्या काळी उत्तर आठवड्यांत आले असते आणि त्यांच्या पणजोबांच्या काळी महिन्यांत. दोन शहरे जागची हलली नाहीत, मधला समुद्रही तेवढाच आहे. मग हे अंतर कमी कसे झाले, कुणासाठी झाले, आणि ते खरोखरच कमी झाले काय, याचा थोडा इतिहास आम्हाला येथे मांडायचा आहे.

नकाशावरचे अंतर

आधी हिशेब पाहू. मुंबई आणि जेद्दा या दोन विमानतळांमधले सरळ हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर आहे. समुद्रमार्ग मात्र वळणाचा आहे. अरबी समुद्र ओलांडून एडनला जायचे, बाबुल मंदबच्या चिंचोळ्या तोंडातून तांबड्या समुद्रात शिरायचे आणि मग उत्तरेकडे जेद्दा गाठायचे. मुंबई ते एडन सुमारे १,६५० सागरी मैल आणि एडन ते जेद्दा सुमारे ७००, म्हणजे एकूण २,३५० सागरी मैल. किलोमीटरमध्ये हे अंतर ४,३०० च्या वर जाते.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरायला सांगितले की मुलांच्या एक गोष्ट लगेच ध्यानात येते. मुंबई १९ अंशांवर आहे आणि जेद्दा साडेएकवीस अंशांवर, पण दोरा मुंबईतून निघताना वाटते त्यापेक्षा जास्त उत्तरेकडे झुकतो आणि जेद्दाजवळ जाताना जवळजवळ सरळ पश्चिमेला वळतो. मुंबईतून निघताना त्याची दिशा पश्चिमेच्या सुमारे दहा अंश उत्तरेला असते. मुंबईचा किब्लाही हाच. म्हणजे ज्या दिशेला तोंड करून आपण पाच वेळा नमाज अदा करतो, ढोबळमानाने त्याच दिशेने हाजींचे विमान जाते. समुद्र, मग ओमानचा किनारा, मग अरबस्तानचे वाळवंट आणि शेवटी जेद्दा.

ताशी ८५० किलोमीटर वेगाने हे अंतर चार तासांपेक्षा थोड्या अधिक वेळात संपायला हवे. पण विमान दोऱ्यासारखे सरळ जात नाही. ते ठरलेल्या हवाईमार्गांनी जाते, उड्डाणाला आणि उतरायला वेळ लागतो आणि वर वारा बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. म्हणून जाताना पाच ते साडेपाच तास लागतात आणि येताना थोडे कमी. सौदी अरेबियाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. दुपारी बाराला निघालेला मुसाफिर सव्वापाच तास बसून उतरतो, तेव्हा तिथे पावणेतीन वाजलेले असतात. विमान सूर्याच्या मागे धावत असते, त्यामुळे मुसाफिराचा त्या दिवसाचा उजेड दोन-सव्वादोन तासांनी लांबतो.

वारा आणि चंद्र

शिडाच्या जहाजांच्या काळी मैलांना फारसा अर्थ नव्हता, अर्थ होता तो मोसमाला. हा मोसम शब्दच मुळी अरबी आहे आणि इंग्रजीतला मान्सूनही त्याच्याच घरचा. हिवाळ्यात वारे ईशान्येकडून वाहत, तेव्हा आपल्या किनाऱ्यावरची जहाजे पश्चिमेला निघत. मार्च सरला की हा दरवाजा बंद होऊ लागे. जून-जुलैत नैर्ऋत्येचा वारा इतका पिसाळलेला असे की कोकणातली बंदरे बंदच राहत. तो वारा ओसरू लागला की ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याच्याच आधाराने जहाजे परत येत.

आता यातली खरी अडचण पाहा. वारा सूर्याच्या वर्षाने चालतो आणि हज चंद्राच्या वर्षाने येतो. जिलहिज्ज दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो, पण वारा काही मागे सरकत नाही. हज डिसेंबरात आला तरी मार्चअखेर निघालेल्या हाजीला पुढचे सात-आठ महिने हिजाजमध्ये काढावे लागत, आणि हजनंतर परतीच्या वाऱ्यासाठी पुन्हा तितकेच. घर सोडल्यापासून घरी येईपर्यंत दीड वर्ष सहज जाई. प्रत्यक्ष समुद्रात त्यातले आठवडेच जात. बाकीचा सगळा काळ थांबण्याचा होता.

मुघल काळात या प्रवासाचे मोठे बंदर सुरत होते. त्याला मक्केचा दरवाजा म्हणत. पण दख्खनचे आणि कोकणचे दरवाजे वेगळे होते. बहमनी आणि पुढे आदिलशाही काळात दाभोळ, निजामशाहीत चौल. या बंदरांतून माल आणि हाजी एकाच जहाजाने जात. दाभोळला खाडीकाठी आजही एक देखणी दगडी मशीद उभी आहे. तिच्याबद्दल अशी कथा सांगतात की विजापूरच्या राजघराण्यातील आयेशाबीबी १६५९ च्या सुमारास हजला निघून दाभोळपर्यंत आल्या, पण समुद्रावर चाच्यांचे भय असल्याने त्यांना पुढे जाता आले नाही. तेव्हा हजसाठी आणलेला पैसा त्यांनी या मशिदीवर खर्च केला. कथेत इतिहास किती आणि लोकांची श्रद्धा किती, हा भाग वेगळा. पण राजघराण्यातल्या बाईलाही किनाऱ्यावरून परत फिरावे लागे, ही गोष्ट लोकांना खरी वाटत होती, हेच पुरेसे बोलके आहे.

चाच्यांचे भय कल्पनेतले नव्हते. सप्टेंबर १६९५ मध्ये हाजींना घेऊन सुरतेला परतणारे औरंगजेबाचे 'गंज-ए-सवाई' हे जहाज हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटले. जहाजावरच्या मुसाफिरांवर, बायकांवरही, अत्याचार झाले. बादशहा इतका संतापला की सुरतेतल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांना कैदेत राहावे लागले. घर जवळ आले असताना त्या हाजींवर ही वेळ आली होती.

चाच्यांखेरीज परवान्याचा अडथळा होता. सोळाव्या शतकात अरबी समुद्रावर पोर्तुगीजांचा अंमल होता आणि त्यांचा परवाना घेतल्याशिवाय जहाज हाकारता येत नसे. त्या परवान्यावर मरियम आणि ईसा यांची चित्रे असत. त्यामुळे असा कागद घेऊन हजला जावे काय, याची चर्चा अकबराच्या काळात उलेमांमध्ये झाली आणि सध्याच्या स्थितीत हज फर्ज राहत नाही असे म्हणणारेही निघाले. तरी लोक गेलेच. बाबराची मुलगी आणि अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७५ मध्ये फतेहपूर सीक्रीहून निघाल्या. त्यांच्यासोबत सलीमा सुलतान बेगम आणि घराण्यातल्या इतर स्त्रिया होत्या. पोर्तुगीजांशी बोलणी पुरी होईपर्यंत त्यांना सुरतेत जवळजवळ वर्षभर अडकून पडावे लागले. १५७६ मध्ये 'सलीमी' आणि 'इलाही' ही जहाजे निघाली. बेगमांनी हिजाजमध्ये साडेतीन वर्षांच्या आसपास राहून चार हज केले. परतताना एडनजवळ जहाज फुटले, तिथे आणखी बरेच महिने गेले आणि त्या सीक्रीला पोहोचल्या १५८२ मध्ये. सात वर्षे! बादशहाच्या आत्याची ही कथा, तर सामान्यांचे काय झाले असेल?

आगबोट आली

एकोणिसाव्या शतकात आगबोट आली आणि वाऱ्याची सत्ता संपली. ताशी दहा सागरी मैल चालणारी बोट २,३५० मैलांचे अंतर दहा दिवसांत कापू शकते. १८६९ मध्ये सुवेझ कालवा खुला झाल्यावर तांबड्या समुद्रात बोटींची गर्दी वाढली. भाडे उतरले. आयुष्यात कधी समुद्र न पाहिलेला बिहार-बंगालचा शेतकरी आणि विणकर मुंबईच्या गोदीत येऊन उभा राहिला. हज ही गरिबाच्या आवाक्यातली गोष्ट झाली, ती या बोटींमुळे.

भोपाळच्या नवाब सिकंदर बेगम १८६३-६४ मध्ये मुंबईहूनच हजला गेल्या. आपल्या प्रवासाची हकीकत त्यांनी लिहून ठेवली आणि तिचे इंग्रजी भाषांतर १८७० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्यासारख्यांना स्वतःचा लवाजमा नेता येई. डेकवरच्या मुसाफिराच्या वाट्याला मात्र बसण्यापुरती जागा, मोजके पाणी आणि शेजाऱ्याचा आजार येई. वेग वाढला तसा रोगाचाही वेग वाढला. शिडाच्या जहाजात लांबच्या प्रवासातच साथ बहुधा विझून जाई. दहा दिवसांच्या प्रवासात ती हाजींसोबत जिवंत पोहोचू लागली. १८६५ च्या हजमध्ये कॉलऱ्याने हजारो माणसे दगावली आणि ती साथ युरोपपर्यंत गेली. १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. पुढे १८८२ मध्ये तांबड्या समुद्राच्या तोंडाशी कामरान बेटावर तुर्की सरकारने हाजींसाठी क्वारंटाइन सुरू केले. समुद्रावर वाचवलेले दिवस आता बेटावर काढावे लागू लागले.

मुंबईतही थांबणे होतेच. बोट कधी सुटेल याचा भरवसा नसे, तिकीट विकणारे दलाल लुबाडत. सरकारने १८८६ मध्ये हाजींच्या वाहतुकीचे काम थॉमस कुक कंपनीकडे सोपवून पाहिले, १८९३ मध्ये ते बंद झाले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९७ मध्ये मुंबईहून हजला जाण्यावर बंदी घालण्यात आली. म्हणजे बोटी होत्या, वाट मोकळी होती, पण हाजी घरीच होते. दूर काय आणि जवळ काय, हे फक्त यंत्राच्या वेगावर ठरत नाही, याचा तो मोठा दाखला आहे.

मुघल लाइनचे दिवस

आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना आठवते ती मुघल लाइन. १८७७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे हे पुढचे नाव. रिझवानी, अलवी, इस्लामी, मोहंमदी, मुजफ्फरी, सौदी, नूरजहाँ, अकबर ही तिच्या बोटींची नावे. कोकणी मुसलमानांचे या बोटींशी दुहेरी नाते होते. वर मुसाफिर आपले आणि खाली इंजिनाशी, भटारखान्यात, डेकवर काम करणारे खलाशीही पुष्कळसे आपल्याच रत्नागिरी-कुलाब्याच्या खाड्यांतले.

१९३२ मध्ये बंदरांच्या हज कमिट्यांचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५९ मध्ये नवा हज कमिटी कायदा आला. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने हाजींसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या खास नोटा काढल्या, त्यांच्या क्रमांकाआधी 'एचए' ही अक्षरे असत. मुंबईत हाजी उतरत ते क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात आणि तशाच इतर ठिकाणी. एकाच अंगणात काश्मिरी, आसामी, तेलंगी आणि कोकणी चुली पेटत. देशभरचा मुसलमान एकमेकाला पहिल्यांदा भेटे तो तिथे. मग बोटीवर आठवडा, दीड आठवडा सोबत. जमात होई, मसले सांगितले जात, कुणी आजारी पडले तर अनोळखी माणसे उशाशी बसत. यलमलमची हद्द जवळ आली की बोटीवर इशारा मिळे आणि सारी माणसे एहराम बांधत. कपडे बदलताच शेठ कोण आणि हमाल कोण हे डेकवर ओळखू येईनासे होई. हजची तयारी करायला बोटीने माणसाला वेळ दिलेला असे.

या आठवणी गोड करून सांगण्यात अर्थ नाही, हेही आम्ही जाणतो. समुद्र लागून आठ-आठ दिवस अन्न न गेलेल्या बायका होत्या. वाटेत मयत झाल्यास जनाजा समुद्राच्या हवाली करावा लागे. म्हणूनच निघताना 'कहासुना माफ' म्हणण्याचा, कर्ज फेडण्याचा, वसीयत करून ठेवण्याचा रिवाज इतका पक्का झाला. परत येऊ की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हते.

विमान

८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे पहिले विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले. पुढे पन्नाशीच्या दशकात हाजीही विमानाने जाऊ लागले, पण ते मूठभर. कित्येक वर्षे बोट गरिबाची आणि विमान पैसेवाल्याचे अशी विभागणी होती. १९७३ मध्ये तेल भडकले, बोटी जुन्या होत गेल्या, आणि सरकारी सबसिडीच्या आधाराने विमानाचा हिस्सा वाढत गेला. त्याच काळात आखाती देशांत नोकरीची दारे उघडली. कोकणातल्या घराघरांतून तरुण मुलगे मुंबईच्या विमानतळावर जाऊ लागले आणि ज्या गावात एसटी दिवसातून दोनदा येई, त्या गावाला दम्माम, जेद्दा, कुवैत ही नावे पाठ झाली. १९८६ मध्ये मुघल लाइन शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली. १९९५ मध्ये 'अकबरी' बोटीची शेवटची फेरी झाली आणि चारशे वर्षांहून जुनी वाट बंद पडली.

जेद्दाकडची बाजूही बदलली होती. १९८१ मध्ये तिथला नवा विमानतळ सुरू झाला. त्याच्या हज टर्मिनलवर २१० पांढऱ्या तंबूंचे छत आहे. त्याच्या रचनेमागचे इंजिनिअर फजलुर रहमान खान हे मूळचे ढाक्याचे. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले ते जेद्दा शहरातच. एकाच वेळी हजारो हाजी उतरतात, त्यांना कित्येक तास थांबावे लागते, म्हणून त्यांनी वाळवंटातल्या तंबूचा विचार केला. पाच तासांच्या प्रवासानंतरही थांबणे आहेच, हे त्या छताने गृहीत धरले आहे.

विमानाने एहरामही बदलला. मीकातवरून विमान काही क्षणांत निघून जाते, म्हणून बहुतेक हाजी मुंबईतच एहराम बांधून घेतात आणि विमानात घोषणा होताच नीयत करतात. जे डेकवर शेकडोंच्या सोबतीने होत असे, ते आता खुर्चीला पट्टा बांधून होते. इबादत तीच आहे, तिच्या भोवतीचा अवकाश आटला आहे.

उरलेले अंतर

मग जेद्दा जवळ आले काय? इस्लामी देशांच्या संघटनेने दर दहा लाख मुसलमानांमागे एक हजार हाजी असे प्रमाण ठरवले. २०१९ मध्ये भारताचा कोटा दोन लाखांचा होता, २०२३ ते २०२५ या वर्षांत १,७५,०२५. अर्ज जास्त आणि जागा कमी, म्हणून कुर्रा काढावा लागतो. नाव न लागल्याने पुढच्या वर्षाची वाट पाहणारी माणसे आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळे बाहेरच्या देशांतून एकही हाजी जाऊ शकला नाही. विमाने होती, पाच तासांची वाट होती, आणि १८९७ सारखेच सारे घरी होते.

पैशाचे अंतरही आहे. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये सबसिडी दहा वर्षांत संपवण्यास सांगितले आणि २०१८ मध्ये ती बंद झाली. दुसऱ्याच्या पैशावर हज नको, ज्याला ऐपत आहे त्याच्यावरच तो फर्ज आहे, असे आपल्यातही पुष्कळांचे म्हणणे होते आणि ते आम्हाला पटते. पण बोट बंद झाल्याने स्वस्त वाट मिटली, हेही तितकेच खरे. २०१८ च्या जानेवारीत बोटीचा मार्ग पुन्हा सुरू करण्याला सौदी सरकारने संमती दिल्याची बातमी आली, पण हाजींची बोट काही निघाली नाही. दुसरीकडे, त्याच २०१८ पासून पंचेचाळीस वर्षांवरच्या स्त्रियांना मेहरमशिवाय, चार किंवा अधिक जणींच्या गटाने हजला जाता येऊ लागले. कित्येक विधवा आणि एकट्या बायकांसाठी जेद्दा त्या वर्षी खऱ्या अर्थाने जवळ आले. त्यासाठी विमानाचा वेग वाढावा लागला नाही, एक नियम बदलावा लागला.

चारशे वर्षांचा हा हिशेब एकत्र मांडला तर दिसते ते असे. समुद्रावरचा वेळ महिन्यांवरून तासांवर आला. थांबण्याचा वेळ मात्र फक्त जागा बदलत राहिला. कधी तो सुरतेच्या वखारीत होता, कधी कामरानच्या बेटावर, कधी मुसाफिरखान्याच्या अंगणात. आज तो कुर्ऱ्याच्या यादीत आहे. सब्राचा जो धडा हाजीला पूर्वी वाटेत मिळे, तो आता निघण्याआधी घरातच गिरवावा लागतो.

या इतिहासातला एक कागद अजून कोरा आहे. उर्दूत हजनाम्यांची परंपरा मोठी आहे. मराठीत, त्यातही कोकण, देश, मराठवाडा, खानदेशच्या मुसलमानांच्या बोलीत, बोटीने केलेल्या हजची आठवण फारच थोडी लिहिली गेली आहे. शेवटची बोट १९९५ ची. तेव्हा साठीत असलेले हाजी आज नव्वदीच्या घरात आहेत. मुघल लाइनवर इंजिनात कोळसा आणि तेल पाहिलेले खलाशी त्याहूनही कमी उरले आहेत. त्यांच्याजवळ तिकिटाचा तुकडा असेल, पेटीवर रंगवलेले नाव असेल, बोटीवरच्या एखाद्या बंगाली सोबत्याची दुवा असेल. ते सारे त्यांच्याबरोबर जाण्याआधी कुणीतरी वही घेऊन शेजारी बसायला हवे. शाळेतली मुले हे काम करू शकतात. आम्ही आमच्या मुलांना या वर्षी तेच सांगितले आहे की दादा-दादी, नाना-नानी, मोहल्ल्यातले हाजीसाहेब आणि हज्जन यांना तीन गोष्टी विचारा. किती दिवस लागले, कुठे थांबावे लागले आणि सोबत कोण होते. वाचकांनीही आपल्या घरात हे तीन प्रश्न विचारून पाहावेत. उत्तरे मराठीत लिहून काढावीत, जशी सांगितली तशीच.